दूध डेअरीसाठी फ्लास्कमध्ये अ‍ॅप केलंय, आता सर्व्हरवर कसं चढवायचं?

रानमाळ
नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यात आमच्या गावात वडील दूध संकलन केंद्र बघतात. रोज सकाळी पाचला काटा सुरू होतो आणि परत संध्याकाळी सहाला. उत्पादकाचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम सगळं वहीत लिहायचं आणि दर दहा दिवसांनी बिलं काढायची, त्यात वडलांच्या दोन रात्री जातात. कॉलेजात पायथन शिकलोय तर म्हणलं याचंच काहीतरी करू. वेब अ‍ॅप करायला पायथनचं फ्लास्क घेतलं, डेटाबेस म्हणून एसक्यूलाईट, पानं साधी एचटीएमएलची. नंबर टाकला की नाव येतं, लिटर-फॅट-एसएनएफ टाकलं की दरपत्रकातनं दर उचलतो आणि रक्कम येते. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतं. वडलांनी चार दिवस वहीबरोबर ताडून बघितलं, जुळलं.

आता हे इंटरनेटवर ठेवायचंय, कारण उत्पादकांना पण आपापल्या मोबाईलवर बिल बघायचंय. एका फुकट होस्टिंगवर चढवलं, पहिले दोन दिवस चाललं, मग मी एका पानाचा रंग बदलून परत अपलोड केलं आणि दोन दिवसांच्या सगळ्या नोंदी गायब. वही होती म्हणून वाचलो. असं का झालं आणि नीट कसं करायचं कुणी सांगेल का. मला फक्त पायथन येतं, सर्व्हर वगैरे कधी हात लावलेला नाही.

दोनओळी
आधी वहीबद्दल. ती बंद करू नका, निदान दोन-तीन महिने तरी.

नोंदी गेल्या त्याचं कारण सांगतो. बऱ्याच फुकट होस्टिंगवर डिस्क तात्पुरती असते. तुम्ही नवीन कोड पाठवला की ते जुना डबा फेकून नवीन डबा उघडतात, त्यात तुमचा कोड असतो पण चालताना तयार झालेल्या फायली नसतात. एसक्यूलाईटचा अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाईल, ती त्या डब्यात होती, डब्याबरोबर गेली. यात तुमच्या कोडची काही चूक नाही. अशा ठिकाणी डेटाबेस बाहेर वेगळा ठेवावा लागतो, पोस्टग्रेससारखा. नाहीतर स्वतःचा छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्यायचा, तिथे डिस्क तुमची, फाईल जिथे ठेवाल तिथे राहते. तुमचे किती उत्पादक आहेत?

रानमाळ
दीडशेच्या आसपास. म्हणजे दिवसाला तीनशे नोंदी धरा.

दोनओळी
मग एसक्यूलाईट अगदी आरामात पुरेल, पोस्टग्रेसच्या मागे लागू नका. एका वेळी लिहिणारा एकच असतो ही त्याची मर्यादा, पण तुमच्याकडे काट्यावर एकच माणूस नोंद टाकतोय. वाचणारे कितीही असू देत. वॉल (WAL) मोड तेवढा चालू करा, एका ओळीची प्रॅग्मा कमांड आहे, म्हणजे लिहिणं चालू असताना वाचणारे अडत नाहीत.

तळेगावकर
मी असतो तर हे जँगोत, म्हणजे पायथनच्याच दुसऱ्या वेब फ्रेमवर्कमध्ये, केलं असतं. जँगो मुळात अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्सच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्माला आलं, 2003 साली काम सुरू झालं आणि 2005 ला सगळ्यांसाठी खुलं केलं. तिथे बातमीदारांना आजच्या आज माहिती भरायला पान पाहिजे असायचं, म्हणूनच त्यात अ‍ॅडमिन आयतं मिळतं. उत्पादकांची यादी, दरपत्रक, लॉगिन, पासवर्ड हे सगळं तुम्हाला स्वतः लिहावं लागलं नसतं. फ्लास्क छान आहे पण त्यात प्रत्येक गोष्ट आपण आणून जोडायची, आणि जी जोडायची राहते तीच नंतर नडते.

रानमाळ
बरोबर आहे दादा, पण आता झालंय तेवढं टाकून नवीन शिकायला सुरू केलं तर दिवाळी उलटेल. यात काय राहिलंय तेवढं सांगा, मी जोडतो.

कृष्णाकाठ
माझं मत जरा वेगळं आहे. मी एका डेअरीत आठ वर्षं काम केलंय. सकाळी पाच वाजता गावात नेट असतंच असं नाही आणि रांगेत तीस माणसं किटल्या घेऊन उभी असतात. तिथं पान लोड होतंय होतंय म्हणत चाक फिरायला लागलं की लोकं एक दिवस ऐकतील, दुसऱ्या दिवशी दूध दुसऱ्या डेअरीला जाईल. अ‍ॅप डेअरीतल्याच कॉम्प्युटरवर चालवा. विंडोज असेल तर अ‍ॅप चालवायला वेट्रेस हा सर्व्हर वापरा, नेहमीचा गनिकॉर्न विंडोजवर चालत नाही. आणि रात्री एकदा बिलं वर पाठवा.

रानमाळ
कृष्णाकाठ काका, हे डोक्यात नव्हतं आलं. आमच्याकडं फोनचं नेट बऱ्यापैकी टिकतं पण पावसाळ्यात जातं हे खरं. डेअरीतला कॉम्प्युटर मात्र जुना आहे, लाईट गेली की बंद पडतो, एकदा हार्डडिस्क पण गेलीय. म्हणून वर ठेवावं वाटतंय.

दोनओळी
मधला रस्ता असा काढा. अ‍ॅप सर्व्हरवर ठेवा, काट्यावर मोबाईल किंवा टॅबवरनं नोंद टाका, आणि नोंद पाठवायच्या आधी ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये एक प्रत ठेवायची. सर्व्हरकडून "मिळाली" असं उत्तर आलं की तिथली प्रत पुसायची. नेट गेलं तर नोंदी फोनमध्येच साठतात, नेट आलं की एकेक वर जातात. जावास्क्रिप्टच्या तीस-चाळीस ओळी आहेत. एकच काळजी घ्या, प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्या, नाहीतर उत्तर वाटेत हरवलं तर तीच नोंद दोनदा जाईल.

आता व्हीपीएसचं सांगतो. एक जीबी रॅम भरपूर झाली, उबुंटू 24.04 घ्या. रूट म्हणून काही चालवू नका, डेअरी नावाचा साधा युजर करा. त्याच्या फोल्डरमध्ये कोड आणा आणि तिथेच व्हेन्व, म्हणजे या अ‍ॅपपुरता वेगळा पायथन, करा. या उबुंटूवर थेट पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजं घालायची कमांड) केलं तर तो नकार देतो, एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून लांबलचक एरर येते, लोक तिथे घाबरून जबरदस्तीचा फ्लॅग लावतात. लावू नका. सिस्टीमचा स्वतःचा पायथन आहे, त्यात आपण लुडबुड करू नये एवढंच तो सांगतोय. व्हेन्व चालू करून त्यात रिक्वायरमेंट्स फाईलमधून सगळं घाला. ती फाईल लॅपटॉपवर पिप फ्रीझने काढून ठेवा, म्हणजे तिथे जी आवृत्ती होती तीच इथे येते.

मग अ‍ॅप चालवायला गनिकॉर्न. तुम्ही लॅपटॉपवर जे चालवताय तो फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, चालू करताना तो स्वतःच लाल अक्षरात सांगतो की खऱ्या कामाला वापरू नका. गनिकॉर्नला 127.0.0.1 वर 8000 पोर्टला बसवा, म्हणजे बाहेरून कुणाला थेट तिथे पोचता येत नाही. दोन वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या दोन प्रोसेस, पुरेत. त्याच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, तो 80 आणि 443 वर येणारी माणसं आत सोडतो आणि चित्रं, सीएसएस स्वतःच देतो. गनिकॉर्नसाठी सिस्टमडीची (उबुंटूवरच्या सेवा सुरू ठेवणारा प्रोग्राम) सर्व्हिस फाईल लिहा, त्यात रिस्टार्टची ओळ टाकलीत की सर्व्हर बंद-चालू झाला किंवा अ‍ॅप पडलं तरी परत उभं राहतं, तुम्हाला पहाटे उठून लॉगिन करावं लागणार नाही. फायरवॉलमध्ये 22, 80, 443 सोडून सगळं बंद. शेवटी डोमेन जोडून सर्टबॉट चालवा, एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट आहे, 90 दिवसांचं असतं पण सर्टबॉट आपलं आपण नवीन करून घेतो.

एकदम सगळं करू नका. आधी गनिकॉर्न हाताने चालवून सर्व्हरवरूनच कर्ल कमांडने पान येतंय का बघा. मग सर्व्हिस. मग एनजिनएक्स. प्रत्येक पायरीला थांबून बघा, म्हणजे कुठे अडलं ते लगेच कळतं.

रानमाळ
चार रात्री गेल्या पण झालं! दोन ठिकाणी अडकलो ते लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

पहिलं, पान उघडलं की 502 बॅड गेटवे. मी एनजिनएक्सच्याच मागं लागलो, त्याची फाईल दहा वेळा बदलली. शेवटी जर्नलसीटीएलनं सर्व्हिसचा लॉग उघडून बघितला तर गनिकॉर्नच सुरू होत नव्हता, सर्व्हिस फाईलमध्ये व्हेन्वचा रस्ता चुकीचा लिहिलेला. म्हणजे 502 आलं की एनजिनएक्स ठणठणीत आहे आणि मागचा माणूस उठलेला नाही असं समजायचं.

दुसरं, पान दिसायला लागलं पण नोंद टाकली की "रीडओन्ली डेटाबेस". फाईलला लिहायची परवानगी दिली तरी तेच. मग कळलं की एसक्यूलाईट लिहिताना त्याच फोल्डरमध्ये अजून एक-दोन फायली तयार करतो, त्यामुळं नुसती फाईल नाही तर फोल्डर पण डेअरी युजरच्या मालकीचा लागतो. आता डेटा फोल्डर कोडच्या बाहेर वेगळाच केलाय, म्हणजे कोड कितीदा पण बदलला तरी त्याला धक्का नाही.

परवापासून वडील त्यावरच नोंद टाकतायत. वही शेजारी आहेच.

शेवंती
अभिनंदन! मनापासून लिहिते, सुरक्षेचं बघितलंत का? तुमचं पान उघडलं नाहीये मी, पण नवीन अ‍ॅपमध्ये हमखास राहतात त्या गोष्टी सांगते.

फ्लास्कचं डीबग बंद (फॉल्स) केलंय का ते आत्ता लगेच बघा. डीबग चालू राहिलं आणि कुठे एरर आली तर ब्राउझरमध्येच पायथनची खिडकी उघडते, तिला पिन असतो पण त्यावर अवलंबून राहू नका, तिथून कुणीही तुमच्या सर्व्हरवर काहीही चालवू शकतो. सीक्रेट की कोडमध्ये लिहिली असेल आणि कोड गिटहबवर असेल तर ती बदला आणि कोडबाहेर सर्व्हरच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. एसक्यूएलमध्ये नाव, नंबर असं स्ट्रिंग जोडून टाकलं असेल तर प्रश्नचिन्ह टाकून वेगळं पाठवायची पद्धत वापरा. पासवर्ड साधे ठेवले असतील तर वर्कझूगमध्येच पासवर्ड उलगडता न येणाऱ्या रूपात ठेवणारं हॅशचं फंक्शन आहे, फ्लास्कबरोबर ते आलेलंच असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. उत्पादक लॉगिन करून बिल बघतो तेव्हा वर पत्त्यात "बिल 17" असं काही दिसतं का? तो 17 काढून 18 केला तर शेजाऱ्याचं बिल दिसतं का?

रानमाळ
ताई, आत्ता करून बघितलं. दिसतंय. अंगावर काटा आला. गावात कुणाची म्हैस किती दूध देते आणि कुणाला किती पैसे मिळतात यावरनं भांडणं होतात. आजच्या आज बंद करतो.

शेवंती
लॉगिन झालेल्या माणसाचा नंबर सेशनमध्ये असतो, बिल काढताना क्वेरीतच "आणि उत्पादक क्रमांक = सेशनमधला" अशी अट घाला. नुसतं पानावरचं बटण लपवून उपयोग नाही, अट डेटा काढतानाच पाहिजे. जुळलं नाही तर 404 द्या.

रानमाळ
केलं. धन्यवाद ताई.

आता एक विचित्र प्रकार. दर बदलला म्हणून काल मी दरपत्रकाच्या पानावर नवीन दर टाकले. सेव्ह झाले. पण नोंद टाकताना एकदा नवीन दर येतो, एकदा जुना. रिफ्रेश केलं की बदलतो. लॅपटॉपवर असं कधीच झालं नाही.

खिडकीपाशी
दरपत्रक वाचून एखाद्या ग्लोबल डिक्शनरीत ठेवलंय का?

रानमाळ
हो, प्रत्येक नोंदीला डेटाबेस कशाला वाचायचा म्हणून सुरुवातीला एकदाच वाचतो. दर बदलले की ती डिक्शनरी पण बदलतो.

खिडकीपाशी
तेच. गनिकॉर्नचे दोन वर्कर म्हणजे दोन वेगळ्या प्रोसेस, दोघांची मेमरी वेगळी. दर बदलायची विनंती एकाकडे गेली, त्याने आपली डिक्शनरी बदलली, दुसऱ्याला पत्ताच नाही. पुढची नोंद कुणाकडे जाईल तसा दर येतो. लॅपटॉपवर एकच प्रोसेस होती म्हणून दिसलं नाही. दर प्रत्येक वेळी डेटाबेसमधूनच वाचा, एवढ्या छोट्या टेबलाला काही मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. दर कधीपासून लागू ती तारीख पण त्याच टेबलात ठेवा, जुनी ओळ पुसू नका, म्हणजे मागचं बिल परत काढलं तरी तेव्हाचाच दर लागेल.

रानमाळ
झालं. पण आता जे लिहितोय ते वाचून कुणीतरी सांगा की असंच होतं ना, कारण आठवडाभर झोप नाही.

एक तारखेपासून दहा तारखेपर्यंतची पहिली बिलं अ‍ॅपवरनं काढली, कुणाची तक्रार आली नाही. दुसरी बिलं अकरा ते वीसची. वाटली आणि संध्याकाळी गल्लीतल्या एक आक्का कार्ड घेऊन घरी आल्या. आक्कांना वाचता येत नाही, पण आकडे येतात आणि त्या रोजच्या दुधापुढं कार्डावर काटेकोर लिहून घेतात. म्हणल्या, बाळा, अकरा तारखेचं सकाळचं माझं दूध कुठाय. मी म्हणलं आक्का दिलं नसेल. त्या म्हणल्या मी एक दिवस चुकलेली नाही. अ‍ॅपमध्ये बघितलं तर खरंच अकराच्या सकाळी नोंद नाही, आणि दहा तारखेला सकाळच्या दोन नोंदी. मग सगळ्यांचं बघत बसलो. ज्या दिवशी रांगेत जे पहिले वीस-पंचवीस आले त्यांच्या त्या सकाळच्या नोंदी एक दिवस मागं. बाकीच्यांच्या बरोबर. एकूण बेरीज जुळते म्हणून लक्षातच आलं नाही, फक्त बिलाच्या कडेला एक दिवस इकडचा तिकडं. पहिली बिलं काढली ती दहाच्या रात्री, तेव्हा अकराच्या सकाळचं दूध अजून आलंच नव्हतं, ते नंतर जाऊन दहा तारखेत बसलं आणि कुठल्याच बिलात आलं नाही.

आक्का रागावल्या नाहीत, पण मला त्यांच्या समोर बसवेना.

शेवंती
असंच होतं. पहिले वीस-पंचवीस म्हणजे साडेपाचच्या आधी येणारे. तुमचा सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर आहे, आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र होऊन तारीख बदलते. पाच वाजून दहा मिनिटांनी टाकलेल्या नोंदीला सर्व्हर कालचीच तारीख देणार. लॅपटॉपचं घड्याळ भारतीय होतं म्हणून तिथे बरोबर आलं.

पायथनमध्ये झोनइन्फो आहे, 3.9 पासून सोबतच येतं. आजची तारीख घेताना एशिया कोलकाता हा झोन स्पष्ट द्या. विंडोजवर टेस्ट करणार असाल तर टीझेडडेटा पॅकेज वेगळं घालावं लागतं. नुसतं सर्व्हरचं घड्याळ बदलून काम भागेल, पण उद्या सर्व्हर बदललात की परत हेच. आणि एसक्यूलाईटमधलं "नाऊ" कुठे वापरलं असेल तर ते यूटीसीच देतं, सर्व्हरचं घड्याळ काहीही असू दे, तेही शोधा.

अजून एक करा. उत्पादक, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ या तिघांवर मिळून युनिक अट टाका, म्हणजे तेच तिन्ही दोनदा येऊ शकत नाहीत. ती असती तर आदल्या दिवशी उशिरा आणि आज लवकर आलेल्या माणसाची नोंद पहाटेच अडली असती आणि दहा दिवस थांबावं लागलं नसतं. एखादा माणूस एका वेळी दोन किटल्या वेगवेगळ्या मोजायला देत असेल तर गाय-म्हैस हा रकानाही त्या अटीत घ्या.

हिशेबनीस
पैशाचं पण बघून घ्या. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे पायथनच्या साध्या दशांश संख्येत, ठेवलीय का? पायथनला 0.1 आणि 0.2 ची बेरीज विचारा, 0.30000000000000004 येईल. त्याहून मोठी अडचण राऊंडची. पायथनचा राऊंड 2.5 चे 2 करतो आणि 3.5 चे 4, कारण तो बरोबर मध्यावर आलं की सम आकड्याकडे जातो. आपली माणसं हिशेब करताना अर्धा आला की वर घेतात. 7.5 लिटर गुणिले 33.35 म्हणजे 250.125, हाताने 250.13 होणार. पायथनचं डेसिमल वापरूनही पद्धत न सांगता क्वांटाइझ (दोन दशांशांपर्यंत आणणं) केलं तर 250.12 येतं. त्याला राऊंड हाफ अप असं स्पष्ट सांगा आणि डेटाबेसमध्ये पैसे पूर्णांकात ठेवा, 25013 पैसे. एका पैशाचा फरक आहे, पण आक्कांच्या कार्डावर एक आणि बिलावर दुसरंच आलं की विश्वास जातो.

मोडीवाचक
मराठीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कुऱ्हाडे, वऱ्हाडे अशी आडनावं शोधून बघा. ऱ्ह हे कीबोर्डवरून दोन तऱ्हेने टाइप होतं, एकात पायमोडका ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. स्क्रीनवर डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. युनिकोडचं एनएफसी (अक्षरांची रूपं एकसारखी करणं) केलं तरी हा दुसरा प्रकार सुटत नाही, नाव सेव्ह करतानाच एका रूपात बदलून घ्या आणि शोधतानाही तसंच. यादी अक्षरांप्रमाणे लावलीत तर ळ हा ल नंतर लगेच येईल, ह नंतर नाही, कारण युनिकोडमध्ये तो तिथे बसवलाय. नंबरनेच यादी लावा.

एक चांगली गोष्ट, कुणी मराठी आकड्यांत ३.५ टाकलं तरी पायथन ते आपलं आपण 3.5 म्हणून वाचतो. रकान्याचा प्रकार तेवढा नंबर न ठेवता टेक्स्ट ठेवा आणि इनपुटमोड डेसिमल द्या, म्हणजे फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड येतो.

रानमाळ
सगळं केलं. झोनइन्फो, युनिक अट, पैसे पूर्णांकात, ऱ्ह पण. जुन्या नोंदी दुरुस्त करायला छोटी स्क्रिप्ट लिहिली, आधी डेटाबेसच्या प्रतीवर चालवली, वहीशी ओळन् ओळ ताडली आणि मग खऱ्यावर. ज्यांचे पैसे राहिले होते त्यांना वडलांनी घरोघर जाऊन दिले, मी बरोबर गेलो.

रोज रात्री अकराला क्रॉननं बॅकअप होतो, एसक्यूलाईटचीच बॅकअप कमांड वापरतो कारण चालू फाईल नुसती कॉपी केली तर अर्धवट येऊ शकते. ती प्रत घरच्या कॉम्प्युटरवर पण येते. काल ती लॅपटॉपवर उघडून अ‍ॅप त्यावर चालवून बघितलं, चालतंय.

कृष्णाकाठ काका, नेट गेल्यावर फोनमध्ये नोंद साठवायचं काम अर्धं झालंय. पाऊस लागायच्या आत पुरं करतो, मग तुमच्या मुद्द्यावर परत येतो. आज पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी आक्कांची नोंद मी स्वतः टाकली, साडेसहा लिटर, फॅट 3.9, आणि तारीख आजचीच आली.